पडतंय असं वाटलं की पुढे ढकल

माझी पुतणी बारामतीला विमान उडवायला शिकते. परवा संध्याकाळी तिचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "काका, आज पहिल्यांदा स्टॉल केला. चार वेळा!" शेजारी आई शेंगा सोलत बसली होती. तिने विचारलं, "कसला स्टॉल? कॉलेजात आनंदमेळा आहे का?" मग खुलासा झाला. या स्टॉलवर वडापाव मिळत नाही. विमान मुद्दाम इतकं हळू करायचं की पंख त्याला पेलेनासे होतात, आणि मग ते सावरायचं. आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. "म्हणजे मुद्दाम पाडतात? आणि त्याची फी आपण भरतो?"

आईला त्या रात्री जे सांगितलं, तेच जरा नीट बसवून इथे लिहितो आहे.

आधी शब्दाचा घोळ. गाडी चालवणाऱ्याला स्टॉल म्हटलं की दिवे घाट आठवतो: चढावर क्लच लवकर सुटला, इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद. विमान स्टॉल झालं असं वाचलं की लोकांना वाटतं इंजिन बंद पडलं. त्याचा इंजिनाशी संबंध नाही. मी तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडर शिकलो. ग्लायडरला इंजिनच नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं विंच दोर गुंडाळत त्याला पतंगासारखं वर चढवतं, वर गेल्यावर दोर सोडून द्यायचा. तरीही स्टॉल आम्हाला शिकवलाच. स्टॉल पंखाचा होतो. इंजिन पूर्ण ताकदीने गरजत असताना होऊ शकतो आणि इंजिन नसताना कधीच होणार नाही असंही असू शकतं.

पंखाचं काम सांगायला सोपं आहे. तो हवेला खाली ढकलतो, हवा त्याला वर ढकलते. या वर ढकलणाऱ्या जोराला आपण उचल म्हणू. (बारामतीकडे उचल म्हटलं की ऊसतोडीचा हिशेब सुरू होतो; ती वेगळी.) ही उचल किती मिळणार यातल्या दोन गोष्टी पायलटच्या हातात असतात. एक वेग, आणि दुसरा पंखाचा हवेला भिडण्याचा कोन, ज्याला वैमानिक अँगल ऑफ अटॅक म्हणतात. वेग निम्मा झाला तर उचल निम्मी होत नाही, पावपट होते. वजन मात्र तेवढंच राहतं. माझी पुतणी ज्यात शिकते ते दोन आसनांचं सेसना १५२ पूर्ण भरलेलं असताना सुमारे ७५७ किलोचं असतं, आणि ते ७५७ किलो दर क्षणी पेलावेच लागतात. वेग कमी झाला की तूट कोनाने भरून काढायची, म्हणजे नाक आणखी वर, पंख आणखी तिरपा.

ही युक्ती साधारण सोळा अंशांपर्यंत चालते. पंखागणिक थोडा फरक पडतो, पण आकडा त्याच आसपास. त्यापुढे पंखाच्या वरच्या पाठीवरून वाहणारी हवा वळण घेऊ शकत नाही, पाठ सोडते, तिचे भोवरे होतात. उचल एकदम घसरते, अडथळा एकदम वाढतो. हाच स्टॉल.

हा कोन जमिनीशी मोजायचा नसतो, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. पावसाळ्यात स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाने छत्री धरलेली आठवा. पाऊस सरळ खाली पडत असतो, पण स्कूटर पळते म्हणून तो समोरून येतो आणि छत्री पुढे कलती करावी लागते. छत्री किती कलती हवी हे रस्ता ठरवत नाही, पाऊस कुठून येतोय ते ठरवतं. विमानाचंही तसंच. विमान खाली बसायला लागलं की त्याच्या दृष्टीने हवा खालून यायला लागते. नाक क्षितिजाशी सरळ दिसत असेल, पण पंखाचा कोन केव्हाच हद्द ओलांडून गेलेला असतो. नाक खाली असतानासुद्धा स्टॉल होतो. वेगात असताना होतो. फक्त त्या कोनाला तो चुकत नाही.

आता हळू उडणं, म्हणजे स्लो फ्लाइट. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात स्लो सायकलची शर्यत असायची, तुमच्याही असेल. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची गोष्ट. जो शेवटी पोहोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. जोरात जाताना हँडलला बोट लावलं तरी सायकल वळते. त्या शर्यतीत मात्र हँडल हातभर इकडून तिकडे करावं लागतं, तरी तोल जेमतेम राहतो, आणि पायांना विश्रांती नसते. स्लो फ्लाइट तंतोतंत असंच असतं. पंखांवरून जाणारी हवा कमी झाल्यामुळे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या झडपा), एलिव्हेटर (शेपटावरची, नाक वर-खाली करणारी झडप) सगळे ढिले पडतात. योक, म्हणजे विमानाचं हँडल, जेवढा फिरवून एरवी विमान झटकन कलतं, तेवढा फिरवून आता काहीच होत नाही.

दुसरं आश्चर्य थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या दट्ट्याचं. सेसना १५२ साधारण ९० नॉटने, म्हणजे ताशी १६७ किलोमीटरने चाललेलं असतं. थ्रॉटल कमी केला, उंची टिकवायला नाक हळूहळू वर घेतलं, वेग उतरत गेला. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण साठ नॉटच्या आसपास हवेचा अडथळा सर्वांत कमी असतो. त्याच्याही खाली गेलं की तो पुन्हा वाढतो, कारण तिरपा पंख टोकांपाशी हवेचे जोरदार भोवरे सोडतो आणि त्यांची किंमत इंजिनाला मोजावी लागते. म्हणून स्टॉलच्या जवळ, अगदी हळू पण उंची न सोडता उडायचं तर थ्रॉटल वाढवावा लागतो. हळू जायला जास्त ताकद. आईला हे पटेना. मी तिला बाल्कनीत नेलं. आमच्याकडे पारव्यांचा जाच आहे, जाळी लावूनही. पारवा कठड्यावर बसण्याआधी काय करतो बघ म्हटलं. अंग उभं करतो, शेपूट पसरतो, पंख एवढे फडफडवतो की कपडे हलतात, आणि जवळपास जागच्या जागी तरंगतो. दूरवर उडताना तो एवढी फडफड कधी करत नाही. पारवा दिवसातून शंभर वेळा स्लो फ्लाइट करतो आणि त्याला कुणी फी लावत नाही.

सगळी ताकद लावलेली, नाक वर, वेग कमी. अशा वेळी इंजिनाचा पंखा विमानाला डावीकडे वळवू बघतो, म्हणून उजवा पाय रडरच्या (शेपटावरच्या उभ्या सुकाणूच्या) पॅडलवर सतत दाबून धरावा लागतो. नवख्यांचा पाय अर्ध्या तासात भरून येतो. इन्स्ट्रक्टर शेजारून तेच वाक्य म्हणत राहतात: वेग नाकाने, उंची थ्रॉटलने. म्हणजे वेग हवा तर नाक खालीवर कर, उंची घटतेय तर ताकद दे.

हे शिकायचं कशासाठी? तर उतरायचं असतं म्हणून. प्रत्येक लँडिंग याच प्रदेशातून जातं. सेसना १५२ फ्लॅप (पंखांमागच्या, हळू उडताना उचल वाढवणाऱ्या झडपा) सोडून धावपट्टीकडे येतं तेव्हा त्याचा वेग ५५ ते ६५ नॉट असतो आणि फ्लॅप पूर्ण खाली असताना त्याच्या स्टॉलचा काटा ३५ वर. मधल्या वीस-तीस नॉटांत विमान कसं वागतं हे हाताला माहीत नसेल तर सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, पाठवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत सोडणं.

सरावाआधी काही गोष्टी तपासायच्याच. पट्टे आवळलेले, सुटी वही-पेन आत, इंजिनाची मापं ठीक, खाली वस्ती नाही, आजूबाजूला दुसरं विमान नाही हे दोन्हीकडे वळून डोळ्यांनी बघायचं. आणि उंची. अमेरिकी परीक्षेत सावरून होईपर्यंत जमिनीपासून किमान १,५०० फूट वर असावं लागतं, ब्रिटिश वळणाच्या शाळा ३,००० धरतात. इकडे एक हिशेब विसरून चालत नाही. उंचीचा काटा समुद्रसपाटीपासून मोजत असतो आणि पुण्याची जमीनच ५६० मीटरवर, म्हणजे सुमारे १,८४० फुटांवर आहे. बारामतीही त्याहून फार खाली नाही. काट्यावर ५,००० दिसले म्हणजे पायाखाली तीन हजारच आहेत.

मग प्रत्यक्ष स्टॉल. थ्रॉटल बंद करून नाक वर धरून ठेवायचं. वेग उतरतो, योक ओढत ओढत जवळजवळ छातीपाशी येतो. स्टॉलच्या पाच-दहा नॉट आधी डावीकडून एक बारीक, रडका सूर लागतो. हा स्टॉलचा भोंगा. याची करामत मला फार आवडते. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी फट असते, तिच्यामागे नळी, आणि नळीच्या टोकाला बाजाच्या पेटीत असते तशी पातळ पत्ती. कोन वाढला की फटीपाशी हवेचा दाब उतरतो, नळीतून हवा ओढली जाते आणि पत्ती वाजते. वीज लागत नाही. पंखच वाजतो म्हणा ना. आई भजनी मंडळात पेटी वाजवते, तिला स्टॉलमधलं एवढं मात्र लगेच कळलं.

ग्लायडरात आम्हाला उलटं होतं. एरवी वाऱ्याची सळसळ सतत कानांत असते. नाक वर जात गेलं की ती मंदावते, आणि स्टॉलच्या तोंडाशी इतकं शांत होतं की खालच्या सासवड रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आल्याचा भास व्हावा. ती शांतता हाच आमचा भोंगा.

भोंग्यानंतर थरथर. पंखाला मुळापासून टोकाकडे किंचित पीळ दिलेला असतो, त्यामुळे हवा आधी मुळाशी, म्हणजे विमानाच्या अंगाजवळ सुटते, आणि ती खवळलेली हवा मागच्या शेपटावर आपटते. खडीच्या रस्त्यावरून गेल्यासारखं विमान हलतं. टोकांशी अजून हवा चिकटलेली असते म्हणून एलेरॉन थोडेफार ऐकतात, पीळ त्यासाठीच. मग नाक आपोआप खाली पडतं. पोटात गोळा येतो, कोथरूडच्या उंच लिफ्टने एकदम खाली निघाल्यासारखा. आणि बास. चित्रपटात दाखवतात तसं विमान दगडासारखं कोसळत वगैरे नाही. नाक खाली गेलं की कोन उतरतो, हवा पुन्हा पंखाला धरते. म्हणजे साधं शिकाऊ विमान स्वतःच स्वतःला सावरू बघत असतं. त्याला आडवा येतो तो पायलटचा हात.

कारण खालची शेतं काचेत मोठी दिसायला लागली की माणसाचा हात काय करतो? ओढतो. जन्मापासून आपल्याला हेच माहीत आहे: पडतोय तर वर खेच. योक ओढला की कोन वाढतो, स्टॉल गडद होतो, विमान जास्त पडतं, हात आणखी ओढतो. सोडवणूक नेमकी उलट आहे. योक पुढे ढकलायचा. आधीच खाली पडणाऱ्या विमानाचं नाक आणखी खाली करायचं. पंखाने हवा धरली की पूर्ण ताकद, पायाने नाक सरळ, पंख समतल, आणि मग हळूच वर. फ्लॅप एकदम आवरायचे नाहीत, टप्प्याटप्प्याने. जमलं तर शे-दोनशे फुटांत सगळं आटोपतं. कागदावर हे चार ओळींचं आहे आणि परीक्षेत सगळ्यांना लिहिता येतं. सराव त्या ओळींचा नसतोच, सराव हाताचा असतो.

ओटो लिलिएंथाल या जर्मन माणसाने हजारांवर उड्डाणं केली होती. ९ ऑगस्ट १८९६ ला त्याचं ग्लायडर हवेत थबकलं, साधारण पंधरा मीटरवरून खाली आलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याला निदान शिकवणारं कुणी नव्हतं. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ उतरायला आलेल्या प्रवासी विमानात कॅप्टन अनुभवी होता. स्टॉलच्या इशाऱ्याने योक हातात थरथरायला लागला, तसा त्याने तो ओढला. विमानातल्या यंत्रणेने योक आपणहून पुढे ढकलला, तर त्याने त्या यंत्रणेच्या विरुद्ध ओढला. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. त्याच वर्षी रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान १ जूनला अटलांटिकवर सुमारे ३८,००० फुटांवरून खाली आलं. साडेतीन मिनिटं ते स्टॉलमध्येच होतं आणि बराच वेळ स्टिक (त्या विमानात योकच्या जागी असते ती) मागे ओढलेली होती. २२८ जण. या दोन्ही विमानांतल्या लोकांना सोळा अंशांची गोष्ट माहीत नव्हती असं कोण म्हणेल? त्यानंतर शिकवण्याची भाषाही बदलली. पूर्वी 'कमीत कमी उंची गमावून सावरा' यावर भर असे, त्यामुळे शिकणारे विमानाचं नाक वरच धरून ठेवत आणि सगळी भिस्त इंजिनावर टाकत. २०१२ मध्ये अमेरिकी नियामकाने स्पष्ट सांगितलं की आधी कोन कमी करा, उंचीचं नंतर बघू.

एका वादावर माझं मत सांगून टाकतो. २०१६ पासून अमेरिकेत खासगी पायलटच्या परीक्षेत स्लो फ्लाइट भोंगा वाजू न देता करायची असते. त्यांचं म्हणणं असं की भोंगा वाजत असताना निवांत उडायची सवय लागली, तर खरा इशारा आला तरी माणूस दुर्लक्ष करेल. मुद्दा चुकीचा नाही. पण मला जुनी पद्धत बरी वाटते, भोंगा वाजता ठेवून दहा मिनिटं उडायची. कुत्रा भुंकतो म्हणजे चावतोच असं नाही, पण किती अंतरावर चावतो हे कळायला थोडं जवळ जावं लागतं.

वळताना मात्र अंतर फसवतं. सरळ उडताना ४० नॉटला स्टॉल होणारं विमान ४५ अंश कलून उंची राखत वळलं की ४८ लाच स्टॉल होतं, ६० अंशांना तर ५६-५७ ला. कारण साठ अंशांच्या वळणात पंखांवर विमानाच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे दीड टन भार येतो. उतरताना धावपट्टीच्या रांगेत यायचं शेवटचं वळण यामुळेच बदनाम आहे. मागून वारा आहे, विमान पट्टीची रेघ ओलांडून पुढे जातंय, जमीन जवळ आहे म्हणून जास्त कलायची भीती वाटते. मग शिकणारा पायाने नाक ढकलून वळण पुरं करू बघतो आणि नाक खाली जातं म्हणून योक ओढतो. आतला पंख आधीच हळू चाललेला, तो पहिला सुटतो, आणि विमान त्या पंखावर गिरकी घेतं. हा स्पिन. पडलेला पंख उचलायला एलेरॉन वापरला तर त्या पंखाचा कोन आणखी वाढतो आणि काम बिघडतं. थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्ये, गिरकीच्या उलट पाय, योक पुढे, असा त्याचा क्रम आहे. सेसना १५२ ला एक गिरकी घेऊन सावरायला हजारेक फूट लागू शकतात. शेवटच्या वळणावर पाचशेच असतात.

उन्हाळ्याबद्दल पुतणीने विचारलं होतं. मे महिन्यात चाळीस अंशांच्या दुपारी पुण्याच्या जमिनीवरची हवा विमानाला सुमारे ५,००० फुटांवरच्या हवेसारखी पातळ लागते. स्टॉलचा काट्यावरचा आकडा त्याने बदलत नाही, कारण काटाही तीच पातळ हवा मोजतो. पण जमिनीवरून विमान प्रत्यक्षात जास्त वेगाने जात असतं, इंजिन दमलेलं असतं, आणि सावरताना 'पूर्ण ताकद' म्हणून जी मिळते ती जानेवारीतल्यापेक्षा कमी असते. म्हणून शहाणे इन्स्ट्रक्टर हा सराव सकाळी लवकर घेतात. तापलेल्या रानावरून उठणारे झोत तेव्हा नसतात, हाही फायदा.

रविवारी पुतणी घरी आली. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली, डाव्या हातात लाटणं म्हणजे योक, उजव्या हातात गाळणं म्हणजे थ्रॉटल, पायांखाली दोन स्लिपर. जमिनीवरचा हा सराव सगळेच करतात आणि त्याला पेट्रोल लागत नाही. आई ओट्याशी कणीक मळत होती. भोंगा कसा वाजतो ते तिने दोनदा करून दाखवायला लावलं, आणि मग स्वतःच पट्टी धरली. पहिल्यांदा ती "पीऽऽ" म्हणाली तेव्हा लाटणं मागे आलं. दुसऱ्यांदा जागच्या जागी अडकलं. मग विषय बदलला, शेजारच्यांच्या लग्नाचं बोलणं निघालं, मुहूर्त, हॉल, जेवणात मठ्ठा की ताक, आणि मध्येच काहीही न सांगता आईने सूर लावला. लाटणं पुढे गेलं ते थेट पिठाच्या डब्यावर.

"उडालं बघ पीठ," आई म्हणाली. "आण ते इकडे. पोळ्या व्हायच्यात."